रुमालाखालचा हात

३ नोव्हेंबर

"नाडी हातात आली म्हणजे माणूस हातात आला असं समजू नकोस." आई हे मला म्हणाली तेव्हा मी शाळकरी होते. ती मिशन दवाखान्यात नर्स होती, रेबेका सिस्टर. सुट्टीच्या दिवशी मला सोबत न्यायची. मी एका म्हाताऱ्याचं मनगट धरून, तिच्यासारखीच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे घाबरलेत!" म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आईने माझी बोटं हळूच सोडवली आणि व्हरांड्यात नेऊन हे वाक्य सांगितलं. रागावली नाही. ती रागावली असती तर मी ते विसरले असते.

आज आठवलं, कारण आजपासून मनगटं धरणं हेच माझं काम झालं. पुण्याच्या एका कंपनीने मनगटाला बांधायची पट्टी काढली आहे. घाम, नाडी, कातडीची ऊब यांवरून तिला माणसावरचा ताण कळतो. ताण फार चढला की ती थरथरते. मग माणसाने दोन घोट पाणी प्यावं, जरा थांबावं, अशी कल्पना. वेगवेगळ्या धंद्यांत ती कशी चालते हे बघायला त्यांनी आपल्या जिल्ह्यातली तीन ठिकाणं निवडली: नदीपलीकडचा साखर कारखाना, संगमनेरचं एक दूध शीतकरण केंद्र आणि घोडेगावचा जनावरांचा बाजार. पट्ट्या बांधायच्या, माणसांशी बोलायचं, काय दिसलं ते पुण्याला दिशाला कळवायचं. दिशा कंपनीतली मुलगी. मला ताई म्हणते आणि फार भराभर बोलते.

शाळेतलं समुपदेशकाचं काम सुटल्यापासून मी घरी आहे. मी आणि माझा नवरा जॉय, दोघंही घरी, हे बरं नाही. हे काम मी नीट करून दाखवणार आहे.

मलाही एक पट्टी बांधायची आहे. जॉय म्हणाला, "मला नको दाखवूस ते." मी दाखवत नव्हते. नुसती टेबलावर ठेवली होती.

७ नोव्हेंबर

कारखान्यात पट्ट्या वाटल्या. उसाची पहिली मोळी पडून गळीत सुरू झालंय, त्यामुळे कुणालाच बसायला वेळ नाही. उभ्याउभ्याच बोलले. नावं कुठेही लिहायची नाहीत असं मी आधीच ठरवलं होतं. प्रत्येक पट्टीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय. कुठला रंग कुणाचा ते फक्त माझ्या डोक्यात.

ऊस उतरवायच्या क्रेनवर आसाराम नावाचे गृहस्थ आहेत. पन्नाशीचे, आवाज असा की भोंगा लाजावा. हिरवा दोरा. पट्टी उलटीसुलटी करून म्हणाले, "बाई, ही आमच्या मंडळीच्या हाताला बांधा. तिचा पारा कवा चढतो ते मला आधी कळंल, म्हंजी मी घरीच जानार न्हाई."

सगळे हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "हापिसात कळनार न्हाई ना? आमी हंगामी मानसं. पुढच्या साली बोलवायचं का न्हाई ते त्यांच्या हातात."

"नाही कळणार."

"आन घ्या मग."

"आमच्यात आण घेत नाहीत, आसारामभाऊ. नाही म्हटलं म्हणजे नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि हात पुढे केला. मी पट्टी बांधली.

घरी आले तर अंगणात जॉय. शेजारी त्याच्या भावाची जुनी मारुती व्हॅन, कव्हर घातलेली, वर मांजर झोपलेलं. तो भाऊ दुबईला गेला तेव्हा व्हॅन आमच्याकडे ठेवून गेला, 'तू चालवत राहा' म्हणून. जॉय वीस वर्षं दुधाचा टँकर चालवायचा, संगमनेर ते पुणे. दोन वर्षांपूर्वी दूधवाल्यांनी तपासणी शिबिर घेतलं, त्याचा रक्तदाब जास्त निघाला आणि त्याला टँकरवरून काढून क्रेट धुवायला लावलं. तो आठवडाभर गेला आणि मग गेलाच नाही. तेव्हापासून त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आजार आता गोळ्यांनी ताब्यात आहे. मी त्याला काही म्हणत नाही. त्याचा आणि या कामाचा संबंध नाही.

१३ नोव्हेंबर

संगमनेरला पट्ट्या दिल्या. दूध तपासणाऱ्या मुलींची एक गंमत कळली. एखाद्या शेतकऱ्याचं दूध परत करायचं असलं की त्यांच्या पट्ट्या थरथरतात. मोनिका म्हणून एक आहे, ती म्हणाली, "मॅडम, समोरचा ओरडला तर काही होत नाही. तो गप्प राहिला की होतं." हे दिशाला जसंच्या तसं कळवलं.

फाटकातून आत जाताना माझी पट्टी पण थरथरली. ऊन फार होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

घोडेगावच्या बाजारात सूर्यभान म्हणून दलाल आहेत. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, तोंडात सुपारी. मागच्या आठवड्यात मी त्यांना पट्टी दिली तेव्हा म्हणाले होते, "बाई, पन्नास वर्सं सौदे केले. आमाला कसला टेन्शन?" आज मी मुद्दाम त्यांच्यामागे उभी राहिले. एका जाफराबादी म्हशीचा सौदा चालला होता. गिऱ्हाईक वैजापूरकडचं. इथे मोठा सौदा तोंडाने होत नाही. दोघे हातात हात घेतात, वर रुमाल नाहीतर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. चेहरे असे की जणू दोघं पावसापाण्याचं बोलताहेत. भोवती वीस माणसं उभी, पण कुणाला काही कळत नाही.

बराच वेळ हात आत होते. सूर्यभान शांत, सुपारी चघळताहेत. आणि एकदम त्या वैजापूरवाल्याच्या तोंडावर हसू आलं. त्याने उपरण्याखालचा हात आणखी घट्ट धरला, पुन्हा बोटं दाबली. सूर्यभानांनी मान हलवली. हा आणखीच हसला आणि हलेना. शेवटी सूर्यभानांनी उपरणं ओढलं, "घ्या, घेऊन जा," म्हणाले, आणि तो म्हैस घेऊन गेला. जाताना मोठ्याने म्हणाला, "दादा, तुमच्या हाताला कापरं भरलं हुतं!"

काय झालं ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सूर्यभान ज्याच्या खाली उतरायचं नाही त्या शेवटच्या आकड्याला आले, छाती धडधडली, पट्टी थरथरली. आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याचाच हात तिच्यावर होता.

सूर्यभान माझ्याकडे चालत आले. मनगट पुढे केलं. "सोडवा हे. तुमचं घड्याळ फितूर झालं!"

सगळा बाजार हसला. मीही हसले असते, पण त्यांचा चेहरा बघून हसले नाही. मी माफी मागितली. चहाच्या टपरीवर त्यांनीच मला चहा पाजला, वर समजूत घातली.

"बाई, रुमाल कशाला टाकायचा? समदा बाजार बघत असतो. दोघांचं दोघांत ऱ्हावं म्हनून. तुमी त्यात तिसरं आनलं."

"पण काका, ती तुमच्यासाठीच थरथरते. तुम्हाला कळावं म्हणून."

"मला कळून काय करायचंय? माझी छाती मला ठावूक हाय. तुमी त्याला कळवलं ना!"

येताना एसटीत बसून दिशाला फोन केला. तिला हसू आवरेना. मग म्हणाली, "ताई, थरथर बंद करता येते. नुसती नोंद ठेवू." मी म्हटलं, आजच सगळीकडे बंद करा. तिने केली. फक्त माझ्या पट्टीची ठेवली, नमुना म्हणून. ही एक गोष्ट तरी मी वेळेवर केली.

२५ नोव्हेंबर

दिशाचा फोन. "ताई, रागावू नका, तुमची स्वतःची नोंद बघत होते. रोज संध्याकाळी साधारण एकाच वेळी चढते. घरी सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, पट्टी सैल बसते. आणि त्या वेळी मी चहा टाकते, वाफेनेही होत असेल. त्याच वेळी रस्त्यावरून संगमनेरचा दुधाचा टँकर जातो, त्याचा ड्रायव्हर जॉयच्या ओळखीचा, जुन्या सवयीने दोनदा हॉर्न वाजवतो. जॉय पेपर घडी करतो आणि आत जातो. मी आत चहा घेऊन जाते. यात ताणासारखं काय आहे?

घट्ट बांधून बघते.

२ डिसेंबर

कारखान्यात मीटिंग होती. लेबर ऑफिसर, दोन इंजिनिअर आणि मी. लेबर ऑफिसरसाहेब सभ्य आहेत, पाणी विचारतात. म्हणाले, कंपनीला चेअरमन आप्पासाहेबांकडून पुढच्या वर्षी सगळ्या कारखान्याचं काम मिळू शकतं, पण उपयोग काय ते दिसलं पाहिजे. "नावं द्या म्हणजे आम्हाला लक्ष ठेवता येईल."

मी स्पष्ट नाही म्हटलं. नावं नाहीत. पण हात हलवत परत यायचं नव्हतं, आणि एक गोष्ट मला खरोखर महत्त्वाची वाटत होती. म्हणून म्हणाले, "माणसांचं सोडा, जागेचं सांगते. दुपारच्या पाळीला क्रेनवर ताण फार चढतो. सकाळी नाही, दुपारीच. तिथे काहीतरी अडचण आहे, ती शोधायला हवी."

साहेबांनी मान डोलावली. "छान. अगदी उपयोगी सांगितलंत, मॅडम."

घरी येताना मन हलकं होतं. शब्द पाळला आणि कामाचंही सांगितलं. चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम होती, आज पहिल्यांदा गळा मोकळा लागला.

५ डिसेंबर

आसारामभाऊंना क्रेनवरून काढलं.

मी गेले तेव्हा ते उसाच्या चिपाडाच्या भुशाच्या ढिगाऱ्यावर फावडं मारत होते. डोक्याला फडकं, भुवयांवर भुसा. मला बघून थांबले नाहीत.

"आसारामभाऊ, मी नाव घेतलं नाही हो."

"व्हय की. न्हाईच घेतलं तुमी." फावडं चालूच. "पर दुपारच्या पाळीला क्रेनवर दुसरं कोन हाय, बाई?"

 कारखान्यात हजार माणसं आहेत, पण क्रेन एकच आणि दुपारी तिच्यावर माणूस एकच. मी 'जागा' म्हटलं आणि त्यांनी माणूस ऐकला. यात त्यांची चूक नाही. दुसरं काही ऐकायला तिथे होतंच काय?

"साहेब म्हनले, तुझ्या तब्येतीसाठीच हाय. बी.पी.चा झटका आला म्हंजी आमच्यावर यायचं." मग फावडं टेकवून माझ्याकडे वळले. "पुढच्या साली बोलावनं यायचं न्हाई, बाई. भुसा भरायला जवान पोरं लई हायेत. मला त्या खुर्चीवर बसायचं तेवढं येतं. तेवढंच येतं."

हिरव्या दोऱ्याची पट्टी त्यांनी खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली. जपून ठेवली होती, पुसून.

सूर्यभानांचं बोलणं आठवलं. थरथर बंद केली म्हणजे झालं असं मला वाटलं होतं. त्या उपरण्याखाली मीच तिसरा हात घातला.

संध्याकाळी जॉयला सगळं सांगितलं. सांगणार नव्हते, पण बोलून गेले. तो व्हॅनवरच्या मांजराकडे बघत होता.

"दुपारीच चढतो म्हणालीस ना?"

"हो."

"मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझा चंदनापुरीच्या घाटात चढायचा. तिथे चढलाच पाहिजे. ज्याचा चढत नाही त्याच्या मागे गाडी लावू नये." मग उठला. "त्याचा घाट कुठला आहे ते बघ जा."

दोन वर्षांत तो टँकरबद्दल इतकं बोलला नव्हता. अजून त्याच्या डोक्यातून तो घाट जात नाही. पण म्हणाला ते बरोबर आहे. उद्या जाऊन बघते.

६ डिसेंबर

दुपारी उसाच्या यार्डात जाऊन बसले. एका बाजूला ट्रॅक्टरच्या रांगा, एका बाजूला बैलगाड्या. वर क्रेनचा पंजा मोळ्या उचलतो आणि ऊस आत ओढून नेणाऱ्या गव्हाणीत सोडतो. सकाळी नुसती माणसं आणि बैल असतात. दुपारी गाड्या रांगेत अडकल्या की तोडणीवाल्यांची लेकरं खाली उतरतात. पडलेली कांडकी वेचतात, बैलांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतात, पकडापकडी खेळतात. नेमकी पंज्याच्या खाली, कारण सांडतं तिथेच.

हा आसारामभाऊंचा घाट.

शेजारी पाथर्डीकडच्या गोजरबाई बसल्या होत्या. लेकासुनेबरोबर तोडणीला आल्यात, नात सांभाळतात. म्हणाल्या, "पयला मानूस लई शिव्या देयाचा. आगं, काय त्या शिव्या! माय-बाप-आजा, समद्यांचा उद्धार. भोंगा वाजवायचा, पंजा वरच धरून ठिवायचा, लेकरं पळंस्तोवर खाली सोडायचाच न्हाई. आमची गाडी मागं ऱ्हायची, मीबी त्याला शिव्या देयाची."

"आणि आता?"

"आता नवा पोरगा हाय. लई शांत. शिवी न्हाई, काय न्हाई." मग त्यांनी नातीला ओढून पुढे केलं. पोरीच्या एकाच पायात चप्पल. "दुसरी काल मोळीखाली गेली."

मी पोरीचा पाय हातात घेतला. बोटं पाचही होती, हलत होती. ती खुदकन हसली, गुदगुल्या झाल्या म्हणून.

घरी आले तर व्हॅनचं कव्हर धुऊन तारेवर वाळत घातलेलं. मांजर चिडून पायरीवर. विकायची तयारी दिसते. भावाला विचारलंय का कोण जाणे. आज मी काही बोलले नाही, आधीच डोकं ठिकाणावर नव्हतं.

९ डिसेंबर

काल आणि आज फोनवरच गेले. लेबर ऑफिसर म्हणाले, "मॅडम, मुलं यार्डात येऊ नयेत असा बोर्ड लावलेला आहे." मी म्हटलं, ती मुलं वाचायला शिकतील अशी सोय कुठे आहे? हंगामभर आईबापाबरोबर फिरतात. ते म्हणाले, हा विषय पट्टीचा नाही.

दिशाचं म्हणणं वेगळं. "ताई, मला पटतंय, खरंच. पण तुम्ही कारखान्याशी भांडलात तर पुढचं काम जाईल. आणि आपण शेवटी नोंद घेणारे."

"दिशा, तुमची पट्टी खोटं बोलली नाही. तिने आसारामभाऊंच्या मनगटावरून यार्डातली लेकरं दाखवली. आपण त्यांचं मनगट तेवढं बघितलं."

तिने ते उतरवून घेतलं. मग म्हणाली, "हे मी कसं लिहू वर?"

"असंच लिही."

रात्री झोपताना शंका येते. उद्या आसारामभाऊंना खरंच काही झालं, क्रेनवर बसल्या बसल्या, तर? मग मी काय म्हणेन?  एवढंच माहीत आहे की त्यांची तपासणी करून गोळी देता येते, आणि खुर्ची काढून घेतली तर त्याला गोळी नाही. ताण माणसातून काढायचा तर आधी लेकरं पंज्याखालून काढा. एक जाळी. सावलीला एक शेड, जिथे गोजरबाईंसारखी एखादी पगारी बाई लेकरं सांभाळेल. एका मोठ्या कारखान्याला ते जड नाही.

जॉयच्या हाताला पेट्रोलचा वास येतो. व्हॅनची बॅटरी जागेवर नाही. सुटे भाग विकतोय की काय? विचारलं तर म्हणाला, "चार्जिंगला दिलीय." मरू दे, त्याचं त्याला.

११ डिसेंबर

आज मी आप्पासाहेबांच्या बंगल्यावर फोन केला. आजवर असं कुणाला थेट फोन केलेला नाही. पट्टी थरथरत होती. फोन त्यांच्या माणसाने घेतला. मी म्हटलं, मी एस्तेर, पट्टीवाली. मला पाच मिनिटं हवीत, कारखान्याच्या यार्डात एखादं लेकरू दगावायच्या आत हवीत. तो बराच वेळ गेला आणि परत येऊन म्हणाला, "उद्या सकाळी सहाच्या आत या. साहेब नंतर मुंबईला निघतील. पट्ट्यांचा निर्णयही उद्याच आहे."

बंगला संगमनेर रस्त्याला, इथून बराच लांब. त्या वेळेला पोचेल अशी एसटी नाही.

मग कारखान्यात गेले आणि आसारामभाऊंना विचारलं, तुमच्याबद्दल बोललं तर चालेल का? या वेळी विचारल्याशिवाय बोलणार नव्हते. ते भुसा झटकत राहिले.

"आता नाव घ्या माझं. झाकायचं काय ऱ्हायलंय? पर एक सांगा त्यांना. मला बी.पी. हाय का न्हाई ते डाक्टरला बघू द्या. त्या पोरांचा घोर हाय का, इचारलं तर व्हय म्हना." मग हसले, पहिल्यांदाच. "आन शिव्यांचं नका सांगू. आप्पासाहेब माळकरी हायेत."

आप्पासाहेब काय म्हणतील त्याचा अंदाज आहे मला. चहा देतील, 'विचार करू' म्हणतील. तरी मी तीन गोष्टी मागणारच आहे: जाळी आणि शेड, आसारामभाऊंची खुर्ची, आणि पुढे कुणाची नोंद हवी असेल तर ती आधी त्याच्याच हातात. त्याने दाखवली तर दाखवली, त्याचं उपरणं त्याने उचलायचं. तिसरी मागितली की आमचं काम जाईल. दिशाला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "ताई, माझं पण जाईल बहुतेक," आणि मग, "पण मागाच."

पट्टी बिघडली वाटतं. संध्याकाळी चहा टाकला, टँकर गेला, दोनदा हॉर्न वाजला, आणि ती अजिबात थरथरली नाही. खिडकीतून बघितलं तर जॉय आत आला नव्हता. व्हॅनखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता, नुसते पाय दिसत होते. हॉर्न ऐकून त्याने पाना असलेला हात बाहेर काढून हलवला. हातातलं काम अर्धवट होतं बहुतेक, म्हणून आत गेला नाही. पट्टीची बॅटरी उतरली असणार.

चहा मी बाहेरच नेऊन दिला.

कोपऱ्यावरचा जीपवाला पहाटे यायला तयार आहे. त्याला अजून पक्कं सांगितलेलं नाही. आधी जॉयला विचारणार आहे. तो नाही म्हणेल हे मला माहीत आहे. दोन वर्षांत मी विचारलंच नाही, कारण नाही ऐकायचं नव्हतं, आणि त्याला नाही म्हणायला लावायचंही नव्हतं. पण उद्या मी एका परक्या माणसासाठी खुर्ची मागायला जाणार आहे आणि ज्याने मला घाट दाखवला त्याला घरी ठेवून जीपने जाणार, हे बरोबर वाटत नाही. तो नाही म्हणाला तर म्हणू दे. ते त्याचं आहे, मी उपरणं उचलणार नाही.

आता पायरीवर बसलाय. फडक्याने हात पुसतोय, मांजर शेजारी. वही मिटते आणि जाऊन एवढंच म्हणते:

"जॉय, उद्या पहाटे मला आप्पासाहेबांकडे पोचवशील? तू चालवशील?"